मेंदूतील तंतू रंगवतात कसे आणि कशासाठी?



प्राचार्यांच्या पानावर एरवी निकाल, शिस्त आणि गणवेश यांविषयी मजकूर असतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गेल्या महिन्यात विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून नववीचा तास आम्ही घेतला. धडा ऊतींचा होता. पुस्तकातील मेंदूच्या छेदाचे निळे-जांभळे चित्र पाहून एका मुलीने विचारले, "सर, खरा मेंदू आतून निळा असतो का?" आम्ही लगेच "नाही" म्हणून मोकळे झालो. मग पुढचा प्रश्न आला, "मग निळा रंग कुणी दिला, आणि त्यालाच का दिला?" त्या तासात याचे उत्तर पुरे झाले नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आपल्या बहुतेक मुलांचेही विज्ञान हिंदीत किंवा इंग्रजीत चालते आणि मराठी घरात राहते. म्हणून शब्दांची ओळख आधी करून देतो. हिंदी पुस्तकात ज्याला 'तंत्रिका कोशिका' म्हणतात, ती मराठीत चेतापेशी. तिच्यातून निघणारा लांब धागा म्हणजे अक्षतंतू. अशा धाग्यांच्या जुड्या मेंदूभर पसरलेल्या असतात.

आधी तंतूंविषयी

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरते. तो कापून पाहिला तर बाहेरच्या बाजूला करडा थर आणि आत पांढरट भाग दिसतो. करड्या भागात चेतापेशींची शरीरे असतात, तर पांढऱ्या भागात त्यांचे धागे. हा पांढरेपणा धाग्यांभोवतीच्या वेष्टनामुळे येतो. त्या वेष्टनाचे नाव मायलिन. १८५४ साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी हे नाव दिले.

मेंदूतील काही मदतनीस पेशी आपले पातळ पापुद्रे धाग्याभोवती गुंडाळत जातात. जणू विजेच्या तारेवर कारागीर चिकटपट्टीचे वेढे देत आहे. हे वेष्टन मुख्यतः चरबी आणि प्रथिने यांचे असते. त्याचा उपयोग काय? वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे आपल्या पायी चालण्याच्या वेगाने जातो. जाड वेष्टन असलेल्या तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत किंवा त्याहूनही वेगाने जाऊ शकतो. तासाच्या हिशेबात हे ३६० किलोमीटर झाले. ग्वाल्हेरहून दिल्लीला जाणारी कोणतीही गाडी इतकी धावत नाही.

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूत हे वेष्टन फार थोडे असते. पहिल्या दोन वर्षांत ते झपाट्याने वाढते, आणि पुढे तरुणपणापर्यंत हे काम सावकाश चालू राहते. मूल मान धरते, रांगते, बोलू लागते, त्या काळात आत ही गुंडाळणी सुरू असते. हे लक्षात ठेवावे, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला येथेच परत यायचे आहे.

मेंदू कापायचा कसा?

ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो. त्याला सुरी लावली तर तो दबतो, सरळ कापला जात नाही. म्हणून आधी तो फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मोठ्या माणसाचा अख्खा मेंदू असेल तर दोन-तीन आठवडे तरी लागतात. भांड्याच्या तळाशी टेकून चपटा होऊ नये म्हणून तो दोऱ्याने द्रवात अधांतरी टांगतात. फॉर्मलिनमुळे प्रथिने एकमेकांशी जखडली जातात, कुजणे थांबते आणि मेंदू घट्ट होतो.

नंतर त्याचे लहान तुकडे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलातून नेतात. हेतू हा की आतले पाणी निघून जावे. मग झायलीन, आणि शेवटी वितळलेले पॅराफिन मेण. मेण थिजले की तुकडा मेणाच्या वडीत बंद होतो. ही वडी मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर बसवून तिचे अतिशय पातळ छेद काढतात. तंतू पाहायचे असतील तर छेदाची जाडी साधारण १० ते १५ मायक्रॉन ठेवतात. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे चार-सहा छेद सहज मावतील. कापलेले छेद कोमट पाण्यावर तरंगवतात, म्हणजे सुरकुत्या जातात, आणि काचपट्टीवर अलगद उचलून घेतात.

आता ही काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर काय दिसेल? जवळजवळ काहीच नाही. सगळे पारदर्शक, फिकट. पेशी आहेत, धागे आहेत, पण डोळ्याला एकापासून दुसरे वेगळे काढता येत नाही. रंगाची गरज येथे पडते. आपणही शाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर सॅफ्रेनिनचा थेंब टाकतो, तो याच कारणाने.

रंग चढवणे आणि उतरवणे

कोणताही रंग सगळ्याच वस्तूंना सारखा धरत नाही. हे घरातल्या बायकांना पुस्तक न वाचता ठाऊक असते. हळद पाण्यात टाकली तर नुसती तरंगते, गाळ बसतो. तीच तेलाच्या फोडणीत टाकली की तेल पिवळेधमक होते. रंगारी कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढतात, कारण तुरटी रंग आणि धागा यांना एकत्र बांधते.

प्रयोगशाळेत हेच तत्त्व वापरले गेले. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग मिळतो. तोही एकटा नीट धरत नाही, त्याला तुरटी, लोह किंवा क्रोमियम यांच्या क्षारांची जोड लागते. १८८४ साली कार्ल वायगर्ट यांनी मेंदूचे तुकडे क्रोमियमच्या क्षारात भिजवून मग हा रंग दिला. तेव्हा मायलिन असलेले तंतू गडद रंगले आणि मेंदूतील जुड्यांचे रस्ते प्रथमच इतके स्वच्छ दिसले.

आज जास्त वापरात असलेली पद्धत १९५३ सालची आहे. शिकागो येथील हाइनरिख क्ल्यूव्हर आणि एलिझाबेथ बारेरा यांनी ती दिली. रंगाचे नाव लक्सॉल फास्ट ब्लू. हा तांबे असलेला निळा रंग आहे. त्याचे अल्कोहोलातील ०.१ टक्क्याचे द्रावण करतात आणि काचपट्ट्या त्यात रात्रभर सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवतात. येथे विद्यार्थ्यांना शंका येईल की अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून गेली असेल, मग रंग कशाला धरणार? शंका बरोबर आहे. पुष्कळ चरबी निघून जाते, पण प्रथिनांशी बांधलेला भाग मागे राहतो, आणि निळा रंग त्याला चिकटतो.

सकाळी काचपट्टी बाहेर काढली की सगळा छेद निळा झालेला असतो. तंतूही निळे, पेशीही निळ्या, मधली जागाही निळी. म्हणजे अजून काहीच कळलेले नाही! खरे काम येथून पुढे. लिथियम कार्बोनेटच्या अगदी सौम्य द्रावणात काचपट्टी काही सेकंद बुडवायची, मग ७० टक्के अल्कोहोलात, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. गरज वाटल्यास पुन्हा तसेच करायचे. जेथे रंगाची पकड सैल असते तेथून तो आधी निघतो. करडा भाग स्वच्छ झाला आणि तंतू निळे राहिले की थांबायचे. शेवटी क्रेसिल व्हायोलेट देतात, त्याने पेशींची शरीरे जांभळी होतात. पुस्तकातील निळे-जांभळे चित्र ते हेच.

थांबायला उशीर झाला तर तंतूंचाही रंग जातो. मग निरोगी मेंदूत वेष्टन नाही असा खोटा समज होतो. लवकर थांबले तर उलटी चूक, जेथे वेष्टन नाही तेथेही ते आहे असे वाटते. म्हणून रोग्याच्या छेदाबरोबर एक निरोगी छेदही त्याच भांड्यात, तितकाच वेळ रंगवतात आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहतात.

बी. एस्सी.ला असताना आम्ही अशीच एक काचपट्टी घालवली होती. मेंदूची नव्हे, साधीच होती, पण तिच्यावर आमचे तीन दिवस गेले होते. घाईघाईत इतकी धुतली की पांढरी काच हातात राहिली. प्रयोगशाळेतील वृद्ध सहायक हसून म्हणाले, "बेटा, रंग चढ़ाना सबको आ जाता है, उतारना सीखना पड़ता है." परीक्षेत गुण गेले, पण वाक्य राहिले.

काळी रेघ आणि दोन शास्त्रज्ञ

वायगर्टच्या आधी, १८७३ साली, इटलीतील कामिल्लो गोल्गी यांनी एक वेगळीच युक्ती शोधली होती. ते आब्बियातेग्रासो गावच्या रुग्णालयात काम करीत. तेथे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून एका स्वयंपाकघरात त्यांनी आपले सामान मांडले. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, तेव्हा काही थोड्या चेतापेशी मुळापासून टोकापर्यंत काळ्याभोर दिसू लागल्या. बाकीच्या तशाच कोऱ्या राहिल्या. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता. थोड्याच रंगल्या म्हणून एकेक झाड वेगळे ओळखता आले. ठराविक पेशीच का रंगतात, याचे पूर्ण उत्तर अजूनही मिळालेले नाही.

स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ साली अशा काचपट्ट्या पाहिल्या आणि मग ती पद्धत सुधारून अक्षरशः आयुष्यभर चित्रे काढली. गोल्गी म्हणत की सगळ्या पेशींचे मिळून एकसंध जाळे आहे. काहाल म्हणत की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती शेजारणीला भेटते पण तिच्यात मिसळत नाही. १९०६ साली दोघांना एकच नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्या समारंभातील व्याख्यानातही गोल्गींनी आपले मत सोडले नाही. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर काहाल बरोबर ठरले. रंग एकच, काचपट्टीही तशीच, तरी दोन विद्वानांनी दोन गोष्टी पाहिल्या. तेव्हा पाहणाऱ्यानेही स्वतःला तपासत राहावे, हे विद्यार्थ्यांनी येथून घ्यावे.

एक मराठी नाव

मेंदूबाहेर हातापायांत आणि त्वचेत जे तंतू पसरतात त्यांनाही असेच रंगवून पाहतात. या कामात एक मराठी नाव आदराने घ्यावे लागते, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५ ते १९७८) यांचे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांनी विकृतिशास्त्राचे काम उभे केले, आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कर्करोगाबरोबर त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या डागांतील छेद रंगवून, कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंना कसे गाठतात याचा त्यांनी शोध घेतला. त्या काळी समाज कुष्ठरोग्याकडे पाप-शापाच्या नजरेने पाहत असे. बधिर झालेल्या बोटाचे कारण शापात नसून तंतूत आहे, हे काचपट्टीवर दाखवता येते.

आपल्या ग्वाल्हेरातले काम

आता आपल्या गावाकडे येऊ. जिवाजी विद्यापीठात मेंदूविज्ञानाची स्वतंत्र अध्ययनशाळा आहे, हे आपल्यातील अनेकांना माहीत नसेल. तेथील प्रा. निशा पात्रो, प्रा. ईशान पात्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईच्या आहारातील प्रथिने कमी पडली तर पिल्लाच्या मेंदूचे काय होते, याचा उंदरांवर पुष्कळ अभ्यास केला. एका गटातील माद्यांना २० टक्के प्रथिने असलेला आहार, दुसऱ्या गटाला फक्त ८ टक्के. पोट भरेल इतके अन्न दोघींना, फरक प्रथिनांचा. नंतर पिल्लांच्या मेंदूचे छेद काढून तपासले.

येथे रंगवण्याची नवी पद्धत वापरतात. मायलिनमधील एका विशिष्ट प्रथिनालाच जाऊन धरणारी प्रतिपिंडे छेदावर सोडतात आणि त्या प्रतिपिंडांना रंगाची खूण जोडलेली असते. ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या कुलपाला, असे हे काम. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की कमी प्रथिनांवर वाढलेल्या पिल्लांत वेष्टन गुंडाळणाऱ्या पेशींची वाढ लांबली, मायलिन कमी पडले आणि त्यांच्या वागण्यातही फरक दिसला. बाहेरून पाहता उंदीर तो उंदीरच. उपासमारीची खूण आत, धाग्याच्या वेष्टनात होती, आणि रंग दिल्यावाचून ती दिसली नसती.

उंदरावरून माणसाच्या मुलाविषयी एकदम निकाल देऊ नये, हे आम्ही मुद्दाम सांगतो. 'अमक्याला गणित येत नाही, म्हणजे त्याचे मायलिन कमी' असे कुणी म्हणू लागले तर तो विज्ञानाचा गैरवापर होईल. पण आपल्या शेजारच्या श्योपूर आणि शिवपुरी जिल्ह्यांतील सहरिया वस्त्यांमधून कुपोषणाच्या बातम्या आपण अनेक वर्षे वाचत आलो आहोत. ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेतील हा प्रश्न हवेतून आलेला नाही.

मग आपण काय करावे?

काही वर्षांपूर्वी आम्ही एका मुलाला, वर्गात लक्ष देत नाही म्हणून, तासभर बाहेर उभे केले होते. मधल्या सुट्टीत कळले की त्याने आदल्या संध्याकाळनंतर काही खाल्लेच नव्हते. आई आजारी, वडील पहाटेच कामावर गेलेले. आम्ही त्याला बाहेरून पाहिले आणि निकाल दिला. ती चूक आमची होती, आणि ती विसरावी असे आम्हाला वाटत नाही.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी, की प्राथमिक वर्गांतील मुलांना प्रार्थनेनंतर मूठभर भाजलेले चणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा देण्याची व्यवस्था करावी. ज्यांना शेंगदाणे चालत नाहीत त्यांची नावे वर्गशिक्षक लिहून घेतील. खर्चाचा तपशील पुढील बैठकीत आम्ही ठेवू. मूठभर चण्यांनी मेंदूचे वेष्टन तयार होते असा आमचा दावा नाही. रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाला शिकवता येत नाही, एवढे मात्र तीस वर्षांच्या अनुभवाने आम्ही सांगू शकतो.

पालकांना मात्र दुसरी गोष्ट सांगायची आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. जिवाजी विद्यापीठातील प्रयोग पिल्लाच्या डब्यापासून सुरू झाला नव्हता, तो आईच्या ताटापासून सुरू झाला होता. आपल्या घरांत अजूनही सून किंवा लेक सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तोवर वरणाचे पातेले तळाला गेलेले असते, उसळ संपलेली असते आणि उरलेली पोळी-भाजी ती "मला पुरे" म्हणून खाते. ती गरोदर असेल तरी हेच चालते. आम्ही हे आमच्याही घरात पाहिले आहे आणि बराच काळ त्यात वावगे काही वाटले नाही. घरात दिवस गेलेली मुलगी असेल तर तिचे ताट आधी वाढावे. त्यात वरण, उसळ, दूध-दही आणि चालत असल्यास अंडे असावे. शाळेत येणाऱ्या मुलाची पहिली शिदोरी तिच्या ताटात असते.

आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला उत्तर. बाळ, मेंदू आतून निळा नसतो. जेथे वेष्टन आहे तेथेच निळा राहावा अशा बेताने तो रंगवतात, म्हणजे जेथे ते नाही तेही कळते. तुझा प्रश्न चांगला होता. असेच विचारत राहा.



आपला,
प्राचार्य